रात्रीच्या सायकलिंगसाठी पुढचा दिवा: तयार आणि स्वतः जुळवलेला, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी रात्रीच्या सायकलिंगसाठी दोन पुढचे दिवे आळीपाळीने वापरत आहे. एक तयार घेतलेला, खोक्यावर १००० लुमेनचा दावा असलेला आणि आत २१७०० मापाचा (२१ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर लांबी) एकच लिथियम सेल असलेला. दुसरा मी स्वतः जुळवलेला: दोन एलईडी, त्यांवर एक अरुंद आणि एक आडवा झोत पाडणारे भिंग, आणि सायकलच्या वरच्या नळीखाली पट्ट्याने बांधलेली दोन १८६५० सेलची वेगळी बॅटरी. कोरड्या रस्त्यावर, पावसात, खांबांवर दिवे असलेल्या वस्तीतून आणि डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही अशा काळोखात दोन्ही दिवे वापरून झाल्यावर माझे मत पक्के झाले आहे. दिवा निवडताना लुमेनचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. त्याआधी उजेड रस्त्यावर नेमका कुठे पडतो आणि तो किती वेळ तसाच टिकतो, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

लुमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्यातला किती रस्त्यावर पडतो आणि किती झाडांच्या शेंड्यांवर किंवा समोरच्याच्या डोळ्यांत वाया जातो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. रस्त्यावर पडलेला उजेड लक्समध्ये मोजतात, आणि अंतर दुप्पट झाले की तो चौथाई होतो. म्हणून पुढच्या चाकाजवळ लखलखाट करणारा दिवा २० मीटरवर अगदीच फिका पडू शकतो. शिवाय जवळचा तो लखलखाट डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसून टाकतो आणि लांबचा अंधार अधिकच गडद वाटू लागतो.

किती लांबचे दिसायला हवे, याचा हिशेब सोपा आहे. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ७ मीटर. खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात सायकल १० मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर बेताने ब्रेक लावला तरी थांबायला आणखी सहा-एक मीटर लागतात. उतारावर वेग ३५ वर गेला की हीच बेरीज २६ मीटरच्या आसपास पोहोचते. ओल्या रस्त्यावर तर तीही पुरत नाही. तेव्हा माझी अपेक्षा अशी असते की ३० मीटरवरचा खड्डा किंवा सांडलेली खडी मला ओळखता आली पाहिजे. नुसते ‘पुढे काहीतरी आहे’ एवढे दिसणे पुरेसे नाही.

तयार दिव्याची खरी जमेची बाजू इथे दिसली. त्याच्या झोताला वरच्या बाजूला सरळ कापल्यासारखी कड आहे, मोटारीच्या खालच्या झोताला असते तशी. कडेच्या लगेच खाली उजेड सर्वाधिक आहे आणि चाकाकडे येताना तो हळूहळू कमी होत जातो, त्यामुळे १० मीटरवरचा आणि ३० मीटरवरचा रस्ता जवळजवळ सारखाच उजळलेला वाटतो. समोरून येणाऱ्या सायकलस्वाराच्या आणि पादचाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकलच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपवू नयेत, असे बंधन आहे आणि लुकलुकणारा दिवा तिथे सायकलवर चालत नाही. या धाटणीचा झोत रुळण्यामागे त्या नियमांचा मोठा वाटा आहे. साध्या गोल झोताचा दिवा वाटेल तेवढा प्रखर असला तरी दुतर्फा रहदारीच्या रस्त्यावर तो खाली झुकवावा लागतो, आणि झुकवला की लांबचे दिसत नाही. मग त्या प्रखरतेचा उपयोग उरत नाही.

मात्र याच दिव्यावरचा १००० लुमेनचा दावा मला अपुरा वाटतो, आणि कारण उष्णतेचे आहे. एलईडीला दिलेल्या ऊर्जेचा निम्म्याहून मोठा भाग उष्णतेतच जातो. ती बाहेर फेकायला या दिव्याची मूठभर पेटी अपुरी आहे. पूर्ण उजेडावर चालू केल्यावर काही मिनिटांत दिवा आपणहून खाली येतो. सायकल उभी असेल तर लवकर, वारा लागत असेल तर जरा उशिरा. यात दोष म्हणावा असे काही नाही, कारण असे केले नाही तर एलईडी आणि सेल दोन्ही लवकर खराब होतील. पण खरेदी करणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे. हातदिव्यांसाठी २००९ पासून प्रचलित असलेल्या एफएल-१ या अमेरिकी मानकात उजेड मोजतात तो दिवा लावल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत, आणि दिवा किती तास चालतो हे मोजतात ते उजेड सुरुवातीच्या दहाव्या भागावर येईपर्यंत. म्हणजे ‘१००० लुमेन, तीन तास’ असे छापलेले असले, तरी त्या तीन तासांतला बराच काळ दिवा मिणमिणत असू शकतो. म्हणून खोक्यावरच्या दोन आकड्यांपेक्षा वेळेनुसार उजेड कसा उतरतो याचा आलेख शोधावा; चांगले उत्पादक तो देतात.

आपला हिशेब आपणही करू शकतो. २१७०० मापाच्या चांगल्या सेलमध्ये ५००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे सुमारे १८ वॉट-तास ऊर्जा मावते. आजचे चांगले एलईडी एका वॉटला १०० ते १५० लुमेन देतात, आणि ड्रायव्हर (एलईडीला प्रवाह पुरवणारे सर्किट) व भिंगातली घट धरली तर १००० लुमेनसाठी १० वॉटच्या आसपास खर्च येतो. म्हणजे पूर्ण उजेड दोन तासही टिकणार नाही. मी हा दिवा जवळजवळ नेहमी मधल्या पायरीवर ठेवतो. त्या पायरीवर तो गरम होत नाही, उजेड शेवटपर्यंत स्थिर राहतो आणि झोताचा आकार चांगला असल्यामुळे कमी पडत नाही. डोळ्यांना तसाही दुप्पट लुमेनचा उजेड दुप्पट भासत नाही.

स्वतः दिवा जुळवायला घेतला तो स्थिर उजेड आणि बदलता येणारी बॅटरी या दोन गोष्टींसाठी. दोन एलईडी एकामागे एक जोडले आहेत आणि त्यांना १ अँपिअर स्थिर प्रवाह देणारा, व्होल्टेज उतरवणारा ड्रायव्हर लावला आहे. एलईडी थेट बॅटरीला जोडू नये. व्होल्टेज किंचित वाढले की एलईडीतला प्रवाह एकदम उसळतो, आणि बॅटरी उतरू लागली की उजेडही तिच्याबरोबर उतरत जातो. स्थिर प्रवाहाच्या ड्रायव्हरमुळे पहिल्या मिनिटाला जेवढा उजेड असतो तेवढाच तिसऱ्या तासाला असतो. बॅटरी अगदी संपत आली की मगच तो मंदावतो आणि घरी पोहोचण्यापुरती सूचना मिळते. दोन एलईडींचा मिळून खर्च ६ वॉटच्या आत आहे. हिशेबाने दिव्यातून ६०० ते ६५० लुमेन बाहेर पडत असावेत, आणि दोन चांगल्या सेलवर ते पावणेचार तासांच्या आसपास टिकतात.

जुळवणीत सर्वाधिक काळजी घ्यावी ती उष्णतेच्या वाटेची. एलईडी तांब्याच्या पट्टीवर बसवलेले घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या पट्टीपेक्षा तांबे उष्णता लवकर वाहून नेते. ती पट्टी पेटीच्या सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या तळाशी स्क्रूने घट्ट आवळावी आणि मध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर द्यावा. पेस्ट जाड थापली तर तीच उष्णतेच्या आड येते. तिचे काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचा भरण्यापुरते आहे. मी पट्टी बसवून एकदा दाबली, पुन्हा उचलून पाहिली आणि खाली पेस्टचा करडा ठसा सर्वत्र सारखा उमटला आहे याची खात्री झाल्यावरच स्क्रू आवळले. तारांना डाख देताना तांब्याची पट्टी कावियाची सगळी उष्णता शोषून घेते, म्हणून पट्टी पेटीत बसवण्याआधीच डाख देऊन घ्यावा. तार पेटीतून बाहेर येते तिथे रबरी बूच आणि आत एक सैल वेढा ठेवावा. सायकलच्या सततच्या हादऱ्यांनी तार तुटते ती बहुतेक वेळा डाख दिलेल्या जागेच्या लगतच.

भिंगे बदलून पाहणे हा या कामातला सर्वांत शिकवणारा भाग ठरला. अरुंद गोल भिंगाने लांबचे झाड स्पष्ट दिसते, पण वळणावर आतली कड अंधारात राहते. आडव्या झोताच्या भिंगाने रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात, पण पल्ला घटतो. मी शेवटी एक अरुंद आणि एक आडवे अशी जोडी कायम केली. निर्जन रस्त्यावर हा दिवा तयार दिव्यापेक्षा निश्चित सरस आहे. कडेचे गवत, वळण आणि अचानक आडवे येणारे जनावर लवकर दिसते. रहदारीत मात्र तो मला वापरावासा वाटत नाही, कारण त्याच्या झोताला वरची कड नाही.

सेलच्या बाबतीत फसवणुकीला फार वाव आहे. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या आकारात चांगला सेल सहसा ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असतो. त्यावर ६००० किंवा ९९०० असे छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे, हे न तपासताही सांगता येते. एलईडीच्या नावांचेही तेच. ‘टी-६’ हे दिव्याच्या प्रकाराचे नाव म्हणून मिरवले जाते, पण मुळात ती क्री कंपनीच्या एक्सएम-एल एलईडीची प्रकाशानुसार केलेली एक प्रतवारी आहे, आणि तो एलईडी आता बराच जुना झाला. दोन सेल एकामागे एक जोडताना ते एकाच जातीचे आणि सारखेच वापरलेले असावेत, संरक्षक सर्किट असावे आणि चार्जर ८.४ व्होल्टचा, त्याच जोडणीसाठी बनवलेला असावा. इथे काटकसर करू नये; लिथियमचा सेल बिघडला तर आग लागते.

तयार दिव्याबद्दल माझी एक ठाम तक्रार आहे. त्याला टाइप-सी खाच आहे, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने तो चार्जच होत नाही. एका टोकाला जुनी चपटी पिन असलेली केबलच लागते. खाचेमागे ५.१ किलोओहमचे दोन नगण्य किमतीचे रोधक लावायचे टाळले की असे होते, कारण त्यांच्याशिवाय नव्या चार्जरला समोर उपकरण जोडले आहे हेच समजत नाही. मुक्कामी गेल्यावर सोबत फक्त फोनचा चार्जर असेल, तर हा दिवा रात्री निकामी ठरू शकतो. खरेदीपूर्वी हे जरूर विचारावे.

पावसात दोन्ही दिवे टिकले. तयार दिव्यावर आयपीएक्स-४, म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसण्याची हमी आहे. त्याच्या खाचेवरचे रबरी झाकण नीट बसले आहे ना, हे मात्र दरवेळी पाहावे लागते. पावसात फरक जाणवला तो रंगाचा. तयार दिव्याचा निळसर पांढरा उजेड ओल्या डांबरावर आणि थेंबांवर चमकून डोळ्यांना त्रास देतो, तर माझ्या दिव्यातले ४००० केल्व्हिनचे किंचित पिवळसर एलईडी डोळ्यांना निवांत वाटतात, आणि त्यांच्या उजेडात माती, डांबर व चिखल यांतला फरकही मला लवकर कळतो.

दिवा कुठे बसवावा, यालाही मी दिव्याइतकेच महत्त्व देतो. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या रेषेतच असल्यामुळे खड्ड्याची सावली आपल्याला दिसत नाही आणि रस्ता सपाट भासतो. पावसात आणि धुक्यात तर डोळ्यांसमोर पांढरा पडदाच उभा राहतो. हँडलबारवर, किंवा त्याहून खाली फोर्कच्या माथ्यावर बसवलेल्या दिव्याने प्रत्येक खाचखळग्याची सावली लांबते आणि तो ओळखू येतो. रबरी पट्टा हादऱ्यांनी सरकतो आणि झोत मान टाकतो, म्हणून मी दोन्ही दिवे स्क्रूच्या पकडीवर घेतले.

झोत लावण्यासाठी सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करावी आणि दिव्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. दिवा ९० सेंटिमीटरवर असेल आणि झोताची वरची कड त्या रेषेच्या १० सेंटिमीटर खाली आली, तर ती कड ४५ मीटरवर जमिनीला टेकते. स्वार बसल्यावर आणि सामान लादल्यावर सायकलचा कल बदलतो, म्हणून हे काम कुणाला तरी सायकलवर बसवून करावे.

मागच्या दिव्याला एवढा विचार लागत नाही. वीस-तीस लुमेनचा, स्थिर जळणारा, जमिनीला समांतर लावलेला आणि पिशवी किंवा रेनकोटाखाली न झाकला जाणारा लाल दिवा मला पुरेसा वाटला. रात्री लुकलुकणाऱ्या दिव्यापेक्षा स्थिर दिव्यावरून मागच्या चालकाला अंतराचा अंदाज सहज येतो, असे माझे मत आहे. घोट्यांवर परावर्तक पट्ट्या बांधाव्यात. पायडलबरोबर खालीवर होणारी चमक सायकलस्वाराचीच, हे लांबूनही लगेच ओळखू येते.

सध्या रहदारीच्या रस्त्याला तयार दिवा मधल्या पायरीवर आणि लांबच्या निर्जन रस्त्याला जुळवलेला दिवा, अशी माझी विभागणी आहे. जुळवलेल्या दिव्याच्या भिंगांवर झापड बसवून वरचा उजेड अडवण्याचे काम पुढे हाती घेणार आहे. त्यात थोडे लुमेन जातील, आणि त्याची मला हरकत नाही.