माझ्दाची पहिल्या पिढीची एमएक्स-५, १४ महिने वापरल्यावर: नवीन टप घ्यायच्या आधी हे वाचा

नवीन टप, म्हणजे या दोन सीटच्या गाडीचं घडी होणारं कापडी छप्पर, बसवून नऊ दिवस झाले होते आणि त्यानंतरचा पहिलाच धो धो पाऊस. सकाळी दार उघडून पाय आत ठेवला तर कार्पेट पचाक्. सीटमागे हात घातला, तिथला फोम इतका भिजलेला की पिळला असता तर तांब्याभर पाणी सहज निघालं असतं. आणि टप? आतून कोरडा ठणठणीत, एक थेंब नाही. म्हणजे ज्या टपासाठी मी सहा महिने पैसे साठवले त्याचा आणि त्या पाण्याचा काही संबंधच नव्हता, हे मला टप बसवून झाल्यावर कळलं. त्या रागात हा रिव्ह्यू लिहायला घेतला होता आणि शेवटचं वाक्य 'घेऊ नका' असं ठरवूनच बसलो होतो. आता तसं म्हणत नाही. राग मात्र सगळा गेलेला नाही.

गाडी १९९० ची, १.६ लिटर इंजिनवाली. पॉवर किती, वजन किती, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. घेताना रंग चकचकीत होता आणि तिथेच मी फसलो. खरं तर खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो, आधी बॉनेटला लावला तर चिकटेचना, मी घाबरलो की पूर्ण बॉनेट लांबीचं, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायच्या पुट्टीचं, बनवलंय की काय. नंतर आठवलं की हिचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. मग स्वतःवरच हसलो आणि त्या हसण्याच्या नादात लोहचुंबक परत खिशात गेला, तो सिलला, म्हणजे दाराखालच्या पत्र्याला, मागच्या चाकाच्या जरा पुढे लावायचा राहिलाच. तिथे लावला असता तर भाव करायला जागा मिळाली असती.

पाणी पहिल्या महिन्यापासून यायचं. जुन्या टपाची अवस्था बघता संशय दुसऱ्या कुणावर जायला वावच नव्हता, मागची प्लॅस्टिकची काच दुधासारखी पांढरी झालेली, घडीवर चिरा पडलेल्या. ही काच टप खाली करायच्या आधी चेन उघडून मोकळी करायची असते, नाहीतर घडी पडून तडकते, आधीच्या मालकाने ते कधी केलं असेल असं वाटत नाही. टप बसवणाऱ्यानेही एक नजर टाकून सांगितलं, टपच गळतोय साहेब, दुसरं काही नाही. मी विश्वास ठेवला. काम नीट केलं त्याने, शिलाई, ताण, खालची पाण्याची प्लॅस्टिक पट्टी सगळं नवीन. पाणी परत आलं तेव्हा फोन केला तर म्हणतो, टप गळत असला तर माझी गॅरंटी, गाडी गळत असली तर माझा काय संबंध. भांडलो खूप. नंतर बाटलीने टपावर पाणी ओतून बघितलं आणि कबूल करावं लागलं की माणूस बरोबर बोलत होता. फक्त हे काम घेण्याआधी बोलला असता तर बरं झालं असतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं टाइप करतोय. टपावरचं पाणी मागे ओघळून त्या पट्टीत जमतं, तिथून दोन्ही कोपऱ्यांना जातं, सीटबेल्टच्या टॉवरच्या, म्हणजे सीटमागे बेल्ट जिथून निघतो त्या उभ्या खांबाच्या, मागे एकेक भोक आहे त्यात पडतं, आणि नळीतून खाली जाऊन मागच्या चाकाच्या पुढे गाडीच्या पोटाखाली बाहेर पडतं. दोन भोकं, दोन नळ्या, बस. योजना चांगली आहे, माझी तक्रार योजनेबद्दल नाहीच. पण तीस-पस्तीस वर्षांची पानं, धूळ, टपाच्या कापडाचे धागे, आणि माझ्या गाडीत तर एक पेन्सिलचा तुकडा, हे सगळं त्या भोकात बसलं की पाण्याने जायचं कुठे? ते वर चढतं आणि कार्पेटवर येतं. हे तरी परवडलं, कारण दिसतं. न दिसणारा प्रकार म्हणजे नळी जागेवरून सुटली किंवा फाटली की तेच पाणी सिलच्या आत उतरतं, तिथे मुरतं, आणि पत्रा आतून बाहेर असा सडतो. बाहेर रंगाला फुगा दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

माझ्या गाडीला फुगा नव्हता, कारण फुग्यावर लांबी भरून रंग मारला होता.

भोक साफ करायला गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घ्या. लोखंडी तार घालू नका, नळीला भोक पाडाल आणि मग वरचं सगळं पुराण तुम्हालाच लागू होईल. जोराची हवा मारणंही मला धोक्याचं वाटतं, जुनी नळी त्याने निसटू शकते. दोरीच्या टोकाला लायटरने किंचित तापवून गोल करायचं, वरून हलक्या हाताने फिरवत घालायची, मध्ये अडेल तिथे जबरदस्ती नाही, मागे-पुढे करत राहायचं. पहिल्यांदा डाव्या बाजूने जे बाहेर पडलं ते मी वर्णन करत नाही, जेवताना कुणी वाचत असेल. मग ग्लासभर पाणी हळूहळू ओतायचं आणि खाली वाकून बघायचं. खाली धार पडली तर ठीक, वरच गुळगुळ करत परत आलं तर अजून साफ करा. धार पडतेय पण ओतलं त्यापेक्षा कमी पडतेय असं वाटलं तर जास्त घाबरा, कारण उरलेलं कुठेतरी आत गेलंय.

दोरीचा तुकडा मला फुकट मिळाला. टपाचं बिल अजून ड्रॉवरमध्ये आहे, अधूनमधून काढून बघतो आणि परत ठेवतो.

बाकीच्या गोष्टी पटापट. क्रँक पुलीला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या (क्रँकच्या) पुढच्या टोकावरच्या चाकाला, पुढून चार खाचा असतील तर तो सुरुवातीचा छोट्या नाकाचा क्रँक, १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत येतो, नंतरच्याला आठ खाचा. छोट्या नाकात मधला बोल्ट नीट टॉर्कने आवळला गेला नाही की पुलीला दांड्यावर अडकवणारी छोटी लोखंडी चावी आणि दांड्यातली तिची खाच झिजते, पुली डुलायला लागते, टायमिंग सरकतं. माझ्यात चार खाचा आहेत. दर रविवारी बॉनेट उघडून चालू इंजिनची पुली डुलते का बघतो, बायको म्हणते देवाला एवढ्या नियमाने हात जोडले असते तर. अजून तरी डुलत नाही. टायमिंग बेल्ट बदलताना, म्हणजे साधारण ६० हजार मैलांनी किंवा लाखभर किलोमीटरनी, त्या बोल्टला टॉर्क रेंचशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. बेल्ट तुटला तरी १.६ मध्ये व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाहीत, तेवढा एक दिलासा.

गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेल दिसलं म्हणून मेकॅनिकने क्रँकचं मागचं सील सांगितलं, त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवायला लागतो. टपाने पोळलेलो असल्याने यावेळी आधी स्वतः बघितलं. इंजिनच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे, त्याची ओ-रिंग कडक झाली की तेल मागून ओघळत बरोबर तिथेच येतं. करंगळीएवढी रबरी रिंग. सेन्सर काढायच्या आधी त्याच्या जागेवर खूण करून ठेवा कारण तो फिरला की इग्निशन टायमिंग फिरलं. बोल्ट एकच, १२ चा, पण फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, सांदीत असल्याने दिसत नाही, आंधळ्या कोशिंबिरीसारखं चाचपडत काढायचा. हाताची सालं गेली, गिअरबॉक्स मात्र जागेवर राहिला. ऑइल फिल्टरचंही तसंच, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपवलाय, सोडला की तेल कोपरापर्यंत येतं. जुने कपडे घाला, एवढंच सांगतो.

सकाळी स्टार्टला टकटक यायची, ते हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग. दोनदा लवकर तेल बदललं, आता अर्ध्या मिनिटात थांबते. बॅटरी डिकीत आहे, तिथे साधी ॲसिडवाली ठेवायची असेल तर तिची वाफ बाहेर जायची नळी जोडलेली हवीच, नाहीतर डिकीचा पत्राही गेला. माझ्यात नळी होती पण तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

इथपर्यंत लिहून मी महिनाभर थांबलो होतो. मधल्या काळात सिलचं काम करून घेतलं, डावीकडचा सडका भाग कापून नवीन पत्रा वेल्ड केला, आत मेण मारलं, गिअर लिव्हरखालचं फाटलेलं रबरी बूट बदललं आणि तिथलं तेलही. त्या दिवशी सहज चक्कर मारायला गेलो, टप खाली, दुसरा गिअर टाकला आणि तो असा बसला की मी विनाकारण परत काढून परत टाकला. नंतर घरी यायचा रस्ता मुद्दाम चुकलो. जपानी लोक घोडा आणि स्वार एक होण्याला जिनबा इत्ताई म्हणतात, माझ्दाने ते या गाडीच्या संदर्भात इतक्यांदा सांगितलंय की मला ते जाहिरातवाल्यांचं खूळ वाटायचं. गाडी फार पळते असं नाही, आजच्या साध्या गाड्याही सिग्नलला पुढे निघतात. पण त्या चाळीस मिनिटांत मला टपाच्या बिलाची एकदाही आठवण आली नाही आणि माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. म्हणून वरचं 'घेऊ नका' खोडलं.

पार्ट मिळणं हा या गाडीचा मोठा आधार. पहिल्या पिढीच्याच चार लाखांवर गाड्या बनल्या, त्यामुळे कुणी ना कुणी काही ना काही बनवतंच. २०१७ मध्ये माझ्दाने स्वतःच जपानमध्ये या पिढीची रिस्टोरेशन सेवा जाहीर केली, नार्डी कंपनीचं लाकडी स्टिअरिंग, गिअर नॉब, इतकंच काय जुन्या नक्षीचे १४ इंची टायरसुद्धा परत बनवले. आणि त्या यादीत टपही होता. टप! मी यादी वाचताना तिथे थांबलो आणि चहा करायला उठलो.

सध्याची स्थिती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुली बघून झाली की दोन्ही भोकांत एकेक ग्लास पाणी ओततो आणि मोबाईलवर वेळ लावतो. डावीकडे शेवटचा थेंब सहा सेकंदांत. उजवीकडे अकरा. दोरी तीनदा घातली, काही निघत नाही, कार्पेट कोरडं आहे, लोहचुंबक उजव्या सिलला घट्ट चिकटतो. तरी ते पाच सेकंद कुठे जातात ते कळत नाही. कुणाच्या गाडीत दोन्ही बाजू सारख्या येत असतील तर आकडा सांगा.