टेप लायब्ररीच्या नावाखाली ५,९७,८०० रुपयांचा गंडा

कोल्हापुरात सध्या टेप बॅकअपची, म्हणजे कॉम्प्युटरमधला डेटा चुंबकीय टेपवर साठवणारी, 'रिफर्बिश्ड' (जुनी, दुरुस्त केलेली) मशीनं विकणारे फिरतायत. घेणार असाल तर हे वाचा आणि मगच पैसे सोडा.

माझा व्हिडिओ स्टुडिओ. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या जागेत हार्ड डिस्क पाण्यात गेल्या. तेव्हाच ठरवलं, काम टेपवर उतरवायचं आणि टेप दुसरीकडे नेऊन ठेवायच्या. २४ खणांची एलटीओ-६ (डेटा टेपचा एक प्रकार) लायब्ररी, म्हणजे खणातली टेप रोबोटच्या हातानं उचलून ड्राइव्हला लावणारं मशीन, ४,८५,०००, टेप ३,२०० प्रमाणे ७६,८००, देखभाल ३६,०००. सगळे आरटीजीएसनं, पक्क्या बिलावर.

स्क्रीनवर रोबोट, ड्राइव्ह, २४ बारकोड, सगळं दिसायचं. बॅकअप सॉफ्टवेअर रोज हिरवी खूण द्यायचं. पण डेमोचा तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. विकणाऱ्याच्या पोरानं स्क्रीनवरून तिसऱ्या खणातली टेप ड्राइव्हला लावली आणि पापणी लवायच्या आत 'लोडेड'! खरा हात सरकतो, टेप उचलतो, ड्राइव्ह फीत ओढून घेतो. वेळ लागतो, आवाज होतो. तिथं फक्त पंख्याची घरघर. मी विचारलंही. "दादा, नवीन फर्मवेअर हाय, आवाज करत नाही." असलं मशीन पहिल्यांदा बघणाऱ्यानं यावर काय बोलायचं? टेप बाहेर काढू म्हटलं तर, "सगळी भरल्याशिवाय काढू नका, वॉरंटी जाईल."

व्हर्च्युअल टेप लायब्ररी ही मुळात लबाडी नव्हे. मोठ्या डेटा सेंटरमध्ये वेगासाठी डिस्कवरच टेपचा आभास उभा करतात आणि नंतर डेटा खऱ्या टेपवर उतरवतात. या विकणाऱ्यानं आभासाचेच पैसे घेतले, डेटा पडून होता माझ्याच सर्व्हरच्या डिस्कवर.

जुलैत सर्व्हरची डिस्क बसली आणि २४ च्या २४ टेप स्क्रीनवरून गायब. खऱ्या टेप अशा एकदम जात नाहीत. मशीन खोलून घेतलं. ड्राइव्हच्या जागी नुसता पत्रा, मागं केबलसुद्धा नाही. टेप दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये घातल्या, सगळ्या कोऱ्या. लोकांच्या लग्नांचं शूटिंग गेलं, त्यांना मी काय तोंड दाखवू?

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "मशीन दिलंय न्हवं? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला हाय." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः बिलावर दिलेत, हे आमच्याकडे येत नाही. ग्राहक आयोगात 'व्यावसायिक खरेदी' म्हणून नाक मुरडलं. अहो, स्वतःच्या पोटासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सवलत आहे! वाचायला सांगितलं तर उद्या या. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम मग कुणासाठी आहे? अर्जाची पोच द्यायलासुद्धा खळखळ.

ड्राइव्हचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. टेप तुमच्यासमोर बाहेर काढायला लावा, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून दाखवू दे. एलटीओ-६ टेपचा ६.२५ टीबी हा कॉम्प्रेशनचा, म्हणजे डेटा दाबून बसवल्याचा आकडा, खरी जागा २.५, व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, तो आणखी दबत नाही. देखभालीचे पैसे आगाऊ देऊ नका.

शिरोली, गोकुळ शिरगावात कुणी असं मशीन घेतलं असेल तर आजच झाकण उघडून बघा. आत पत्रा निघाला तर मला कळवा, एकत्र तक्रार देऊ. माझं बिल आणि बँकेचा उतारा तयार आहे.