रेडिएटर फ्लशची बाटली, साधं पाणी की सरळ रेडिएटरच बदलायचा?

एप्रिल लागला की आपण गच्चीवरून डेझर्ट कूलर खाली काढतो, तेव्हा टाकीच्या कडेला आणि ताट्यांवर पांढरा खार घट्ट बसलेला दिसतो ना, तोच खार बोअरचं पाणी टाकून टाकून गाडीच्या रेडिएटरमध्येपण बसतो, फक्त तिथं तो दिसत नाही आणि मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला की मग वर्धा रोडवर टेम्परेचरचा काटा चढायला लागतो.

मग दुकानात फ्लशची, म्हणजे रेडिएटर आतून धुवायच्या औषधाची बाटली दिसते, काहीशे रुपयांची, आणि वाटतं घ्यावी टाकून. घ्या, पण आधी एक पाहा, गाडी कुठं गरम होऊन राहिली. सिग्नलला उभी असताना गरम होते आणि पळायला लागली की काटा खाली येतो, तर बहुतेक फॅनचा घोळ आहे, मोटर, रिले, नाहीतर बाहेरून जाळीत धूळ-किडे भरलेत, तिथं बाटली काहीच करणार नाही. उलट समृद्धी महामार्गावर १०० च्या वर पळवली, चढ लागला की गरम होते, तर आत पाणी नीट फिरत नाहीये, तिथं चोक, म्हणजे नळ्या तुंबलेल्या असू शकतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटरचं टोपणपण तपासून घ्या, टोपण ढिलं झालं की दाब टिकत नाही आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत द्रव) लवकर उकळतं.

आता तिन्ही पर्याय. साधं पाणी, म्हणजे जुना कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटरनं दोन-तीनदा धुवायचं आणि नवीन भरायचा. ज्याच्या गाडीत पहिल्यापासून कूलंटच होता, वेळेवर बदलला, काढल्यावर रंग स्वच्छ निघतो, त्याला एवढंच पुरे आहे भाऊ, बाटलीचा एक रुपयापण खर्च करू नका. धोका जवळपास नाही, पण बसलेला खार यानं निघतपण नाही.

फ्लशची बाटली मधल्या केससाठी. जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकानं काय टाकलं माहीत नाही, टोपण उघडलं तर आत तपकिरी पाणी, तोंडाशी पातळ पांढरा थर, पण गळती कुठंच नाही, तिथं मी बाटलीच सांगीन. बाटल्यापण दोन जातीच्या येतात, गंज आणि खार सोडवणाऱ्या आम्लाच्या (सायट्रिक ॲसिड वगैरे) आणि तेलकट चिकटा काढणाऱ्या साबणासारख्या, म्हणून लेबल वाचा, ॲल्युमिनियमला चालते असं लिहिलेलं पाहिजेच कारण आजकालचे रेडिएटर ॲल्युमिनियमचेच असतात. बाथरूमचं ॲसिड तर चुकूनही नको, ते खारासोबत धातूपण खातं. आणि कूलंटमध्ये दुधासारखा चिकटा दिसला तर आधी मेकॅनिकला हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) आणि ऑइल कूलर दाखवा, कारण तेल कुठून तरी येऊन राहिलं, धुतलं तरी परत येणार.

तिसरा पर्याय, रेडिएटर खोलणं नाहीतर बदलणं. आमच्या मामांच्या गाडीत वर्षानुवर्षं विहिरीचंच पाणी, मी हौसेनं फ्लश केला, चहासारखा गाळ निघाला, सगळे खूश, आणि चौथ्या दिवशी पार्किंगमध्ये खाली थारोळं. मामी बाटलीला बोल लावत होत्या, पण रेडिएटरवाल्यानं दाखवलं की ट्यूब आधीच सडली होती, गाळानंच भोक बुजवलं होतं, फ्लशनं फक्त तो काढला. मला फार वाईट वाटलं, मामा दुसऱ्या दिवशी यवतमाळला निघणार होते. जुन्या पितळी रेडिएटरला टाकी काढून सळई फिरवता यायची, प्लास्टिक टाकीच्या ॲल्युमिनियमवाल्याला बहुतेक बदलावाच लागतो, काही हजार जातात. पण इतकं बिघडलेलं असेल तर सरळ बदला, बाटलीच्या भरवशावर लांब निघू नका.

टाकायचं ठरलं तर इंजिन पूर्ण थंड असतानाच टोपण उघडा, गरम असताना उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. बाटली ओता, हीटर फुल गरमवर ठेवा म्हणजे हीटरच्या नळ्यातूनपण फिरेल, लेबलवर जेवढा वेळ लिहिला तेवढाच चालवा, जास्त ठेवला तर जास्त साफ होत नाही. काटा चढला तर लगेच बंद. थंड झाल्यावर काढा आणि स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा, यात आळस नको, आत राहिलेलं ॲसिड नवीन कूलंटची गंजरोधक ताकद संपवतं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, मग कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला कूलंट, साधारण निम्मा कूलंट निम्मं पाणी, रेडीमिक्स असेल तर तसाच. रंग पाहून घेऊ नका, एकाच रंगाचे दोन कूलंट वेगळ्या जातीचे असू शकतात, मिसळले की कधीकधी जेलीसारखं होतं. आणि आत अडकलेली हवा नीट काढा, नाहीतर धुतलेली गाडीच गरम होईल.

काढलेला कूलंट नालीत सोडू नका हं, त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, गल्लीतली कुत्री चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा आणि गॅरेजवाल्याला विचारूनच द्या.