हॉस्पिटलची कामं करता? मग हा गट बघाच

आयआयडीए (इंटरनॅशनल इंटिरिअर डिझाइन असोसिएशन) ही शिकागोची इंटिरिअर डिझायनरांची संघटना, १९९४ साली तीन संस्था एकत्र होऊन झालेली. मी दवाखान्यांची कामं करते, म्हणून त्यांच्या हेल्थकेअर फोरममध्ये, म्हणजे दवाखाने सजवणाऱ्यांच्या गटात, शिरले. नुसती कार्डांची देवाणघेवाण नाही हो! विनाइलची फरशी भिंतीवर गोलाई देऊन का चढवायची (कोपऱ्यात घाण साचत नाही, पोछा सरळ फिरतो), व्हीलचेअर वळायला ६० इंचांचं वर्तुळ मोकळं ठेवून बेसिन कुठे बसवायचं, यावर तासभर हुज्जत. खुर्चीचं कापड जंतुनाशकाने पुसून टिकेल का, हे दुकानदारापेक्षा इथली माणसं खरं सांगतात. हॉटेलं सजवणाऱ्यांच्या गटातही डोकावले. झुंबरं देखणी, पण माझ्या काय कामाची! फक्त घरं सजवणाऱ्यांनी वर्गणी भरण्याआधी आपला विषय कुठे बसतो ते विचारून घ्यावं.