७५० म्हणून गळ्यात मारलेला ६५०: जुन्या शेवेलसाठी कार्ब्युरेटर घेताना

गाडी १९७० ची शेव्हरोले शेवेल. ३५० घनइंचांचं इंजिन, टर्बो ३५० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.०८. न्यू जर्सीतल्या एका मराठी गृहस्थांची ही गाडी सिग्नलवरून निघताना अडखळायची. जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या एकाने बॉनेट उघडून लगेच निदान केलं: इंजिनाला हवा कमी पडतेय, वरचा क्वाड्राजेट (पेट्रोल आणि हवा मिसळणारा चार भोकांचा कार्ब्युरेटर) काढून ७५० चा डबल पंपर (दोन पंपांचा कार्ब्युरेटर) टाका. क्वाड्राजेट 'भंगार' म्हणून स्वतःकडे ठेवला, त्यापोटी थोडी सूट दिली आणि हॉली कंपनीचा 'रिबिल्ट' कार्ब्युरेटर दिला. एअर हॉर्नवर, म्हणजे वरच्या तोंडावर, लिस्ट ४७७९ चा (७५० च्या डबल पंपरचा मॉडेल नंबर) ठसा, सोबत फ्लो बेंचचा, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्राचा, छापील कागद, त्यावर आकडा ७६१ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा). ७५० च्या जागी ७६१ मिळाले म्हणून गिऱ्हाईक खूश. बसवल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त अडखळायला लागली.

यातली पहिली थाप सगळ्यात सोपी होती, आणि तीच कोणी तपासली नाही. काढून घेतलेला क्वाड्राजेट स्वतःच ७५० सीएफएमचा असतो. मग हवा कमी कशी पडेल? त्याची पुढची दोन भोकं लहान, थ्रॉटलपाशी १ ३/८ इंच. मागची दोन मोठी, २ १/४ इंच. मागच्या भोकांवर हवेच्या ओढीने उघडणारी झडप असते, त्यामुळे इंजिन मागेल तेवढीच हवा आत जाते. म्हणूनच जनरल मोटर्सने तो लहानमोठ्या कितीतरी इंजिनांवर बसवला.

अशा गाडीच्या अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा अ‍ॅक्सिलरेटर पंपात, म्हणजे पाय दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या पंपात, सापडतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या पंपाचा कप कडक होतो आणि आकसतो. तपासायला अर्धा मिनिट पुरतो. इंजिन बंद ठेवायचं, एअर क्लीनर काढायचा, चोकची पट्टी उघडी धरायची आणि वरून बघत थ्रॉटल हाताने ओढायचा. ओढताक्षणी दोन्ही पुढच्या भोकांत पेट्रोलची सरळ धार पडली पाहिजे. धार उशिरा आली, एकाच बाजूला आली किंवा नुसती ठिबकली, तर पंप बदला. त्यानंतर इग्निशनचं टायमिंग, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा डायफ्राम आणि मागच्या झडपेच्या स्प्रिंगचा ताण बघा. एवढं झाल्याशिवाय 'कार्ब्युरेटर लहान आहे' म्हणणाऱ्याशी पैशाची बोलणी करू नका.

आकाराचा हिशेब कागदावर होतो. घनइंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं, म्हणून त्याची दुप्पट. ३५० चं इंजिन ५५०० आरपीएमपर्यंत चालवायचं तर उत्तर येतं ५५७. रस्त्यावरचं साधं इंजिन सिलिंडर पूर्ण भरून घेत नाही. ८५ टक्के धरले तर ४७३. म्हणजे ६०० चा व्हॅक्यूम सेकंडरी (मागची भोकं इंजिनाच्या ओढीने उघडणारा) कार्ब्युरेटर भरपूर झाला. ४५४ च्या इंजिनालासुद्धा तेवढ्याच आरपीएमला याच हिशेबाने ६१४ लागतात.

हा हिशेब मांडला की विकणारा हमखास कॅमॅरो झेड/२८ पुढे करतो: "३०२ च्या इंजिनावर कंपनीने ७८० लावला होता!" खरंच लावला होता. पण त्या इंजिनाचा कॅम सॉलिड लिफ्टरचा, ते ७००० च्या आसपास फिरायचं, गाडी फक्त फोर-स्पीड मॅन्युअल, मागचा अ‍ॅक्सल ३.७३. शिवाय तो ७८० व्हॅक्यूम सेकंडरीचा होता, म्हणजे मागची दोन भोकं इंजिनाची ओढ वाढल्यावरच उघडायची. डबल पंपरमध्ये ती पायाने उघडतात. ऑटोमॅटिक, कंपनीचाच टॉर्क कन्व्हर्टर आणि ३.०८ चा अ‍ॅक्सल असताना कमी आरपीएमला पाय दाबला की चारही भोकं एकदम उघडतात. हवेचा वेग पडतो, बूस्टरला, म्हणजे भोकाच्या मधल्या पेट्रोल सोडणाऱ्या नळीला, पेट्रोल खेचण्याइतकी ओढ मिळत नाही आणि गाडी जागच्या जागी गुदमरते. त्यावर उपाय म्हणून कोणी पंपाचा नोझल मोठा करतो. मग प्लग काळे पडतात, इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो, आणि दोष इंजिनाच्या माथी मारला जातो.

आता तो ७६१ चा कागद. तो खोटा नव्हता, म्हणून जास्त घातक. चार भोकांच्या कार्ब्युरेटरचा सीएफएम १.५ इंच पाऱ्याच्या दाबफरकाला मोजायचा रिवाज आहे. पाण्यात सांगायचं तर २०.४ इंच. फ्लो बेंचवर सिलिंडर हेड तपासताना मात्र सहसा २८ इंच पाणी धरतात. दाबफरक वाढला की प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. इथे तो गुणक १.१७. ६५० ला त्याने गुणा: ७६१. कागदावर दाबफरकाचा रकाना होता, त्यात '२८' असं बारीक अक्षरात छापलंही होतं. दोन भोकांच्या कार्ब्युरेटरमध्ये हाच खेळ उलटा चालतो. त्यांचं रेटिंग ३ इंच पाऱ्याला असतं, त्यामुळे ५०० चा टू-बॅरल चार भोकांच्या मापाने जेमतेम ३५४ भरतो.

म्हणजे विकलेला कार्ब्युरेटर ६५० चा डबल पंपर होता, लिस्ट ४७७७. वर ठसा ४७७९ चा. ही जोडी फसवणाऱ्याला फार सोयीची. थ्रॉटलचं भोक दोन्हींत १ ११/१६ इंच, त्यामुळे उलटा करून खालून मोजणारा फसतो. फरक व्हेंचुरीत, म्हणजे भोकाच्या अरुंद गळ्यात, आहे. ४७७९ मध्ये चारही व्हेंचुरी १ ३/८ इंच, म्हणजे ३४.९ मिमी. ४७७७ मध्ये पुढच्या १ १/४ इंच, ३१.८ मिमी, मागच्या १ ५/१६. वरून चोकची पट्टी उघडी धरा, बूस्टरच्या दोन्ही बाजूंनी पाय उतरतील असा आतल्या मापाचा स्प्रिंग कॅलिपर घाला आणि सगळ्यात अरुंद जागा मोजा. तीन मिमीचा फरक साध्या फूटपट्टीवरही दिसतो.

ठसासुद्धा बोलतो, फक्त बघणाऱ्याने भिंग घ्यावं. मूळ आकडे कास्टिंगच्या खरबरीत पृष्ठभागावर ठोकलेले असतात. आधीचा आकडा कानशीने उडवला की ती जागा गुळगुळीत होते, किंचित खोलगट लागते, तिरप्या उजेडात समांतर ओरखडे दिसतात. मग सगळ्यावर सोनेरी डायक्रोमेटचा मुलामा चढवतात. घासलेल्या पट्टीवर त्याचा रंग शेजारच्या भागापेक्षा वेगळा चढतो. हातपंचाने एकेक आकडा ठोकलेला असेल तर आकडे एका ओळीत बसत नाहीत, एखादा खोल, एखादा उथळ. लिस्ट नंबरखाली तारखेचा कोड असतो. नंबर चकचकीत नवा आणि कोड पुसट, अशी जोडी दिसली की व्यवहार तिथेच थांबवा.

हे सगळं पेट्रोल घालायच्या आधी करायचं. 'एकदा पेट्रोल लागलं की माल परत नाही' ही अट असे विक्रेते आवर्जून घालतात, आणि गिऱ्हाईक उत्साहात त्याच संध्याकाळी गाडीवर चढवतं. त्याच वेळी थ्रॉटल शाफ्ट अंगठ्याने हलवून बघा. तो बाजूला डुलत असेल तर तिथून हवा गळणार, आयडल कधी जमणार नाही, वरचा मुलामा कितीही सुंदर असो.

या गृहस्थांचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र 'भंगारात' गेलं. क्वाड्राजेटवर ड्रायव्हरच्या बाजूला उभ्या भागावर नंबर ठोकलेला असतो. १९७० चा असेल तर सुरुवात ७०४० ने. सोबतच्या चार आकड्यांत पहिले तीन वर्षातला दिवस, शेवटचा सालाचा. ०५२० म्हणजे १९७० चा बावन्नावा दिवस. गाडीच्या बांधणीच्या तारखेच्या थोडाच आधीचा, गाडीचा मूळ कार्ब्युरेटर जीर्णोद्धार करणाऱ्यांना हवाच असतो, आणि एकदा हातून गेला की तोच परत मिळणं जवळपास अशक्य. पंपाचा कप बदलून चालला असता तो.

पावतीवर 'रिबिल्ट हॉली' एवढंच लिहून घेऊ नका. लिस्ट नंबर, '१.५ इंच पाऱ्याला इतके सीएफएम', पुढच्या-मागच्या व्हेंचुरीचं माप आणि मापं न जुळल्यास परत घेण्याचं कबूल, हे सगळं विकणाऱ्याच्या हस्ताक्षरात हवं. पैसे क्रेडिट कार्डाने द्या, म्हणजे तक्रार करायला जागा राहते. मित्राला पाठवतात तसे अ‍ॅपवरून पाठवलेले पैसे परत मिळवणं फार कठीण. जुना कार्ब्युरेटर नंबरचा फोटो काढून खोक्यात घालून घरी न्यावा, सूट कितीही मिळत असली तरी.