जुन्या सर्व्हरचा ‘सिक्युरिटी पॅच’ आणि माझे ५४ हजार

आमच्याकडे इंटेलच्या झिऑन ५६०० मालिकेच्या प्रोसेसरचे तीन जुने सर्व्हर आहेत. लिनक्स, केव्हीएम (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी लिनक्सची सोय) आणि प्रत्येकावर असे सहा-सात आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. बहुतेक सीएंची. म्हणजे वेगवेगळ्या लोकांचे हिशेब एकाच प्रोसेसरवर शेजारी शेजारी चालतात.

मे २०१९ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधल्या एमडीएस नावाच्या सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या. एकाच कोअरवर चालणाऱ्या एका मशीनला दुसऱ्याचा प्रोसेसरच्या आतल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) उरलेला डेटा उचलता येतो, हे वाचून मला झोप लागेना. त्यावर उपाय म्हणून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, इंटेलकडून येणारं सॉफ्टवेअर) लागतो आणि तो वापरणारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाही. आमचा एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) म्हणाला, “साहेब, मशीन कशाला बदलताय? प्रत्येकी १८ हजारांत पॅच करून देतो, वर ट्यूनिंगही करतो.” रविवारी काम झालं, हिरव्या टिकांचा रिपोर्ट हातात आला. सोमवारी सर्व्हर आधीपेक्षा चपळ! मी पैसे दिले. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. हे उपाय सतत बफर पुसत असतात, त्याने मशीन थोडं मंदावतं. वेग वाढेल कसा?

काही महिन्यांनी डिस्क बदलून सर्व्हर चालू करताना ग्रबमधली (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधली) कर्नलची ओळ नजरेस पडली. शेवटी लिहिलं होतं ‘मिटिगेशन्स=ऑफ’, म्हणजे अशा त्रुटींवरचे सगळे उपाय बंद. हातपाय गार पडले. २०१८ च्या मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसर-त्रुटींपासूनची संरक्षणंसुद्धा एएमसीवाल्याने बंद करून ठेवली होती. तो शब्द काढून रीबूट केलं आणि लिनक्सच्या ‘सिस’ फोल्डरात व्हल्नरेबिलिटीज नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक त्रुटीची स्थिती दिसते; त्यातली एमडीएसची फाइल उघडली: ‘व्हल्नरेबल: क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड’. म्हणजे कर्नल बफर पुसायला धडपडतोय, पण मायक्रोकोड नसल्याने प्रोसेसरची साथ नाही. कामाआधीच्या बूट लॉगमधला (सर्व्हर सुरू होतानाच्या नोंदींमधला) मायक्रोकोडच्या आवृत्तीचा आकडा काढून पाहिला, आताही तोच होता. इंटेलने या पिढीला स्पेक्टरसाठी मायक्रोकोड दिला होता, एमडीएससाठी दिलाच नाही. जी वस्तू मुळात नव्हती तिचेच पैसे त्याने घेतले.

विचारल्यावर म्हणाला, “अपडेट केलं होतं, तुमच्या कर्नलने घेतलं नसेल.” कोणती फाइल टाकली ते सांगा म्हटलं, त्यानंतर फोन उचलणं बंद.

असं काम कोणाकडून करून घेणार असाल तर आधी आपल्या प्रोसेसरचं नाव इंटेलच्या यादीत स्वतः शोधा. सीपीयूइन्फो या लिनक्समधल्या प्रोसेसरच्या माहितीच्या फाइलीतला मायक्रोकोडचा आकडा कामाआधी लिहून ठेवा, नंतर पुन्हा बघा. व्हल्नरेबिलिटीजच्या फाइली होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर वाचा. अपडेट खरंच झालं असेल तरी व्हर्च्युअल मशीन आतून रीबूट करून भागत नाही. पूर्ण बंद करून चालू केल्याशिवाय प्रोसेसरची नवी सोय त्यांना दिसत नाही.

‘मिटिगेशन्स=ऑफ’ सापडलं त्याच रात्री मी हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं चालवायची सोय) बंद केलं. दुसऱ्या दिवशी एकेका सीएला फोन करून सगळं सांगितलं. दोघांनी डेटा हलवला, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.