टर्बो बसवावा की इंजिन बदलावे? मला दोन्ही विकण्यात आले

गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला एक छायाचित्र पाठवले आणि विचारले, "सर, तुम्ही जिप्सीला टर्बो बसवला होता ना? हा सव्वा लाखाला मिळतो आहे, घेऊ का?" तो टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, मी पाहताक्षणी ओळखला. ज्या जागी कंपनीची पट्टी असते तिथे कानशीने घासल्याच्या तिरक्या खुणा होत्या, आणि तेलाच्या नळीजवळ बिडाचा एक टवका उडालेला होता. हाच टर्बो सात आठवडे माझ्या गाडीत होता आणि त्यासाठी मी १,१५,००० रुपये मोजले होते. इतके दिवस मी लाजेपोटी गप्प बसलो. आता तोच माल, तोच माणूस दुसऱ्याच्या गळ्यात मारतो आहे म्हटल्यावर गप्प बसण्यात अर्थ नाही. गॅरेजचे नाव प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे लिहीत नाही, परंतु वाचताना आपल्या ओळखीचे कोणी आठवले तर तो निव्वळ योगायोग समजू नये.

माझी मारुती जिप्सी किंग २००४ ची आहे. पेट्रोलचे १२९८ सीसी, जी१३बीबी इंजिन, नवी असताना ८० अश्वशक्ती. २०२३ च्या दिवाळीपर्यंत ती २,३८,००० किलोमीटर चालली होती. चिपळूणजवळच्या गावी जाताना कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरवर रडायची आणि हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल प्यायची. "विकून टाका," हा घरातला कायमचा सल्ला होता. मी मात्र दोनच पर्याय मनाशी धरले होते: टर्बो बसवून जोर वाढवायचा, किंवा कमी चाललेले दुसरे इंजिन टाकायचे. आमच्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तिसरा पर्याय सांगितला होता. "सर, हेच इंजिन बांधून घ्या. बोअर करू, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाकू, बेअरिंगे बदलू. पंचेचाळीस हजारांत काम होईल." मला ते जुन्या वळणाचे वाटले. आंतरजालावरच्या चित्रफिती पाहून माझे डोके टर्बोने भरलेले होते, आणि असे भरलेले डोके ओळखणे हाच या मंडळींचा खरा धंदा असतो.

गॅरेज शेजारच्या जिल्ह्यात होते. स्वच्छ फरशी, भिंतीवर रॅलीची छायाचित्रे, मालक बोलायला अतिशय नम्र. त्याने पहिल्याच भेटीत टर्बोचा आग्रह धरला नाही, हे मी त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले. "सर, आधी कॉम्प्रेशन बघू. इंजिन ठणठणीत असेल तरच टर्बो, नाहीतर मी हात लावणार नाही." कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते. तपासणीचे १,५०० रुपये मी आनंदाने दिले.

त्या तपासणीपाशी माझे मन आजही अडखळते. मुलाने चारही प्लग काढले. मालकाने कोपऱ्यातून लांब नळीची ऑइलची कुप्पी उचलली आणि प्रत्येक प्लगच्या भोकात दोन-दोन पिचकाऱ्या मारल्या. मी चहाचा कप हातात घेऊन दीड हातावर उभा होतो. "हे कशासाठी?" असे मी विचारलेसुद्धा. "गाडी जुनी आहे सर, कोरडी फिरवली तर बोअरला चरे पडतील," असे उत्तर आले. मग गेज लावून स्टार्टर मारला. दर चौरस इंचाला १७२, १७५, १७०, १७४ पौंड. त्याने गेजचे छायाचित्र काढून माझ्या फोनवर पाठवले आणि म्हणाला, "अडीच लाख किलोमीटरला ही गत! नशीबवान आहात."

मी अठ्ठावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे. पिस्टनवरच्या झिजलेल्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्यामधल्या फटीत ऑइल सोडले की ती फट तात्पुरती बुजते आणि गेजचा काटा वर जातो, हे कळायला माझ्या विषयाचे पहिले वर्षही पुरेसे आहे. कॉम्प्रेशन आधी कोरडे मोजायचे असते, तेही इंजिन गरम असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. मग ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. दुसऱ्या वेळी काटा बराच चढला तर रिंगा गेल्या, न चढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये शोधायचा. या इंजिनाला नवे असताना सुमारे २०० पौंड असतात आणि १७० च्या खाली ते कामाचे नाही असे धरतात. म्हणजे त्याने मला नेमका काठावर पास करून दाखवला होता. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की हजाराला लिटर ऑइल का जाते, असे मी त्याला विचारले होते आणि त्याने "व्हॉल्व्ह सील कडक झाली आहेत" असे सांगितले होते. हे कारण खोटे नसते. कॉम्प्रेशन चांगले असूनही सीलमुळे ऑइल जळू शकते. त्यामुळे मी अगदीच बावळट होतो असे कोणी समजू नये, जरी सौ. तसे समजत असली तरी.

टर्बो १,१५,००० रुपयांना ठरला, "जपानहून आलेला, न वापरलेला". ६०,००० आगाऊ रोख, ३५,००० आणि २०,००० नंतर यूपीआयने. इंधन आणि ठिणगीची वेळ सांभाळणारा वेगळा संगणक आणि त्याचे ट्यूनिंग यांचे २८,००० पुन्हा रोख. बिलाचे विचारले तेव्हा "पक्के बिल हवे तर कर वेगळा पडेल सर" हे वाक्य ऐकले आणि मी हसून मान हलवली. कर वाचवल्याच्या आनंदात पुरावा गमावणारा मी काही पहिला नाही. रोख देऊ नका. कागद न देणाऱ्याला तर पाच रुपयेही देऊ नका. आणि ज्या टर्बोची पट्टी घासलेली आहे तो कुठल्या तरी डिझेल गाडीच्या भंगारातला आहे असेच समजा. पेट्रोलच्या इंजिनातून बाहेर पडणारा वायू डिझेलपेक्षा बराच जास्त तापलेला असतो, ते तापमान सोसण्यासाठी तो टर्बो घडवलेलाच नसतो.

पहिले काही दिवस मी हवेत होतो, ते कबूल करतो. नंतर चढावर पाय दाबला की मागे निळा धूर, आणि एके दिवशी ऑइलची डिपस्टिक आपोआप वर उचललेली दिसली. टर्बो जास्तीची हवा कोंबतो, दाब वाढतो, आणि रिंगा झिजलेल्या असल्या की तो दाब पिस्टनच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या पेटीत, उतरतो. खाली दाब साठला की टर्बोमधून परतणारे ऑइल उतरायला वाट राहत नाही आणि ते सीलमधून सायलेन्सरकडे जाते. मी फोन केला तर उत्तर आले, "सेट होतंय सर, हजारभर किलोमीटर चालवा." जानेवारी २०२४ मध्ये, बरोबर १,१०० किलोमीटर झाल्यावर, कुंभार्लीच्या मधोमध टकटक आवाज झाला आणि गाडी तीन सिलिंडरांवर आली. टोचन करून गॅरेजपर्यंत न्यायला ६,५०० रुपये लागले.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवल्यावर तिसऱ्या पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटलेली निघाली. मूळचेच इंजेक्टर, कमी पडणारे पेट्रोल आणि वर वाढलेला दाब यांनी इंजिन आतून ठोकत राहिले होते. परंतु खरी कमाल पुढे झाली. मालकाने माझा हात धरून बोअरच्या वरच्या भागावरून माझे बोट फिरवले. जिथपर्यंत रिंग पोचते तिथे नख अडकेल एवढी पायरी पडली होती. "बघा सर, हे इंजिन मुळातच गेलेले होते. टर्बोचा काय दोष?" ज्या माणसाने दहा आठवड्यांपूर्वी मला नशीबवान ठरवले होते, तोच मला माझ्या इंजिनाची झीज माझ्याच नखाने दाखवत होता, आणि मी मान डोलावत होतो! त्या क्षणी ते १७५ त्याच्या तोंडावर मारायला हवे होते. गाडी उघडी पडलेली, हेड टेबलावर, गावी पोचायची चिंता, अशा अवस्थेत माणूस भांडत नाही, वाट विचारतो.

वाट तयार होतीच. "अपघातात गेलेल्या एस्टीमचे इंजिन मुंबईहून येते आहे, फक्त ४२,००० किलोमीटर चाललेले." एस्टीममध्येही हेच जी१३बीबी होते, त्यामुळे ऐकायला सगळे जुळत होते. एस्टीमचे उत्पादन बंद होऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता, तेव्हा ४२,००० चा आकडा कुठून आला, हे मी विचारले नाही. सुट्या इंजिनाला मीटर नसतो, मीटर डॅशबोर्डमध्ये राहतो. इंजिनाचे ६८,०००, मजुरी १४,०००. टर्बो परत घेऊन ४०,००० वळते करू, असे त्याने सांगितले. त्यातला एक रुपयाही आजवर मिळाला नाही. नोंदणी पुस्तकात नवा इंजिन क्रमांक चढवण्यासाठी "आपल्या एजंटाचे" ४,००० वेगळे. दोन आठवड्यांनी निरोप आला, "नंबरचे काम झाले." माझ्या इंजिनाचा जुना ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा, मागितला तेव्हा तो भंगारात गेल्याचे कळले. येथे एक गोष्ट कोरून ठेवावी: आपला जुना ब्लॉक कधीही गॅरेजमध्ये सोडू नये, कारण नोंदणी पुस्तकातला क्रमांक त्याच्यावर असतो आणि परतीची एकमेव वाट तोच असतो. एकूण २,३७,००० रुपये गेले. मिस्त्रींचे ४५,००० मला रात्री झोपेत आठवतात.

पंधरा वर्षांनंतरची पाच वर्षांची मुदत संपत आल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये गाडी पुनर्नोंदणीसाठी नेली. निरीक्षकाने रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉक पुसला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. कागदावर माझाच जुना क्रमांक उमटला होता. अक्षरे वरखाली, एक आकडा दोनदा ठोकलेला, आणि खालचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला. "नंबरचे काम झाले" याचा अर्थ मला तेव्हा कळला. क्रमांक पुस्तकात चढवलेला नव्हता, इंजिनावर ठोकलेला होता.

इथून पुढे फसवला गेलेला मी संशयित झालो. गाडी तेवीस दिवस आवारात, पावसात, काचा अर्धवट उघड्या. कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा हे विचारले तर समोरच्या टेबलाकडे बोट, तिथून पोलीस ठाण्याकडे बोट. ठाण्यात मी फसवणुकीची तक्रार लिहून दिली तर "हा दिवाणी मामला आहे, पैशांची देवघेव आहे" असे सांगून अदखलपात्र नोंद करून कागद हाती दिला. त्याच ठाण्यात, त्याच टेबलाच्या पलीकडे, इंजिनाच्या क्रमांकाबाबत मात्र माझा जबाब तीन वेळा घेतला गेला, तेव्हा ते प्रकरण अजिबात दिवाणी नव्हते. व्यवहार जुलै २०२४ च्या आधीचा, तक्रार नंतरची, म्हणून जुन्या संहितेचे ४२० लावायचे की नव्या न्याय संहितेचे ३१८, यावर दोन अंमलदारांची माझ्यासमोर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी दोन्हींपैकी काहीच लावले नाही. "तुम्ही शिकलेले आहात सर, तुम्हाला कळायला पाहिजे होते," हे वाक्य मला चार वेगवेगळ्या गणवेशांतल्या माणसांनी ऐकवले. एकाने तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ काढून दाखवले आणि टर्बो बसवणे हाच बेकायदा फेरबदल असल्याने कलम १८२अ खाली मलाच प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने कैद होऊ शकते, असे सुनावले. कायदा त्याने बरोबर सांगितला. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच स्पष्ट केले आहे. माझा प्रश्न एवढाच होता की हा कायदा, फलक लावून दिवसाढवळ्या टर्बो बसवणाऱ्या दुकानाच्या दारात कधी का पोचत नाही? इंजिन बदलण्यासाठी आधी परवानगी, इंजिनाचे खरेदी बिल, बदलानंतर १४ दिवसांत कळवणे, ही रीत मला निरीक्षकाने सांगितली, ती सगळे होऊन गेल्यावर.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. लाज वाटून घेण्यात मी त्यातले दीड वर्ष घालवले. टर्बो आणि संगणकासाठी रोख दिलेल्या ८८,००० रुपयांचा माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. टर्बोच्या रकमेतल्या यूपीआयच्या दोन नोंदी आणि काही संदेश, एवढ्यावर माझी बाजू उभी आहे.

मागच्या तारखेला त्याच्या वकिलाचे लेखी उत्तर मिळाले. गाडी ताब्यात घेताना इंजिन उत्तम स्थितीत होते, फिर्यादीने ती घाटात बेदरकारपणे चालवून इंजिन निकामी केले, असे त्यात म्हटले आहे. पुरावा म्हणून गेजचे तेच छायाचित्र जोडले आहे, १७५ पौंडांचे. मी ते मोठे करून छापून घेतले आणि भिंग घेऊन बसलो. गेजच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवलेल्या ऑइलच्या कुप्पीची नळी दिसते, आणि तिच्या टोकाला लोंबणारा थेंबही दिसतो. ती प्रत मी पुढच्या तारखेसाठी वेगळ्या पाकिटात ठेवली आहे.